मधली फळी

ओलीटा क्रंप टेबलाची मधली फळी घेऊन आली,
रजईत गुंडाळून, ट्रकच्या पुढच्या सीटवर
उभी करून, वर पट्टा लावून.
"जुळत नाही," म्हणाली.
एकाच चेरीच्या झाडाची, एकाच सुताराची,
आणि तरी टेबल काकवीसारखं गडद,
फळी सोललेल्या पीचसारखी.

मी लगेच बोललो नाही.
चेरी उजेड खाते, हे सांगायचं
म्हणजे हेही सांगायचं
की ही फळी एकोणतीस वर्षं
कोटांच्या कपाटात उभी होती,
कारण चौघांना टेबल पुरत होतं,
मग तिघांना,
मग तिला एकटीला
नुसता एक कोपरा.

"थँक्सगिव्हिंगला अकरा पानं मांडायची आहेत.
जॉर्जियाचा भाऊसुद्धा येतोय."
हे 'सुद्धा' तिनं जरा जपून उच्चारलं.

लनॉरच्या कारखान्यात मला शिकवलं
ते हॉयल ट्रिप्लेटनं. कारखाना गेला, हॉयलही गेला.
तो म्हणायचा, झाकणावरचं नाव वाचू नकोस.
'जुनं महोगनी' लिहिलेला डबा पाइनवर मारलास
तर कोंबडीच्या तंगडीला आयोडीन लावल्यागत दिसेल.
लाकडाला विचार.

म्हणून चेरीचे नऊ तुकडे कापले.
मागे पेन्सिलीनं लिहीत गेलो:
पिवळा दोन, तांबडा अर्धा, काळा एक थेंब.
काळा दोन थेंब: नको, मेलेला दिसतो.
ट्यूबलाइटखाली सगळेच तुकडे खोटं बोलतात,
म्हणून दारात नेले, ढगाळ सकाळी दहाला.
तिला फोन केला: जेवणघरात दिवा कसला,
पांढरा की पिवळा?
"त्या दिवशी मेणबत्त्या," ती म्हणाली.
मग मीही एक लावली, थिनरपासून लांब, मागच्या ओट्यावर,
आणि सातवा तुकडा निवडला.

पुसून रंग दिला तर चेरीवर डाग पडतात,
तापातून उठलेल्या पोराच्या गालासारखे.
म्हणून फवारा. बारीक, कोरडा,
वीतभर अंतरावरून.
हात फळीच्या आधी सुटतो,
फळी संपल्यावरच थांबतो;
लाकडावर थबकलास तर तिथे ओघळ.
प्रत्येक फेरीनं आधीच्या फेरीचा अर्धा भाग झाकायचा.
एका फेरीत साताठ उन्हाळे.
मास्कच्या आत माझाच श्वास मला ऐकू येतो
आणि पंखा, जो हॉयलच्या वेळेपासून कुरकुरतोय.

मग पाऊस लागला. दमट हवेत लॅकर दुधाळतं.
दोन दिवस नुसता बसून राहिलो,
बंदुकीची नळी पुन्हा पुन्हा साफ करत.

ती न्यायला आली. टेबलाचा काढलेला एक पाय
ताडून पाहायला सोबत आणला होता.
"फिकीच आहे अजून."
"दोन छटा अलीकडे थांबलोय. मुद्दाम.
लॅकरच्या खालीही ती उजेड खात राहते.
आज तंतोतंत जुळवली
तर काही वर्षांनी तीच टेबलापेक्षा काळी होईल.
बाकीचं खिडकी करेल.
फक्त मेजपोश घालू नका,
आणि फळी काढू नका."
"माणसं गेल्यावरही?"
"माणसं गेल्यावरही."

तिनं पाय या हातातून त्या हातात घेतला.
"एवढ्या लांब टेबलाच्या टोकाला बसून
मी एक उकडलेलं अंडं खायचं?"
"मधे बसा," मी म्हणालो.
याहून शहाणं काही सुचलं नाही.

चेक लिहिला. मी दहा डॉलर कमी सांगितले होते,
तिनं ते धरून लिहिले.
फळी सीटवर, पट्टा वर.
रजईला हात घातला, तसा म्हणालो,
आठवडाभर गुंडाळू नका. कोवळं आहे,
विणीचा ठसा उमटेल.

रजई इथेच आहे, बाकाखाली घडी करून.
नोव्हेंबर उलटला, फेब्रुवारी आला.
ती मागायला आली नाही,
आणि मीही काही फोन करत नाही.